आधी ओपीडीत बस

पत्र:

"मॅडम, मी लातूरला असते. भूलशास्त्रात एमडी होऊन दोन वर्षं झाली. सध्या चार नर्सिंग होममध्ये फ्रीलान्स भूल देते. ज्यांच्याकडे माझ्या सगळ्यात जास्त केसेस असतात, त्या ऑर्थोपेडिक सरांनी नवा सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) घेतला आहे. ते म्हणतात, 'दोन दिवसांचं कॅडॅव्हर (शवावर शिकवणारं) वर्कशॉप करून ये, आपण इथेच पेन क्लिनिक काढू. मणक्यातून भूल द्यायची ती स्पायनल तू रोज देतेस, एपिड्युरल देतेस, आता त्यात नवीन काय शिकायचंय?' दुसरीकडे पुण्यात वर्षभराची फेलोशिप मिळण्यासारखी आहे, पण स्टायपेंड आत्ताच्या कमाईच्या मानाने अगदीच कमी. मुलगी अडीच वर्षांची आहे. दुसऱ्या मुलाचाही विचार आहे, त्यामुळे रेडिएशनची धास्ती वाटते. त्यात बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकामध्ये मणक्याच्या इंजेक्शनांविरुद्ध शिफारस आली. माझे यजमान फिजिशियन आहेत. ते म्हणाले, 'ज्याचा उपयोग नाही असं आता छापून येतंय, त्यासाठी वर्ष घालवणार का?' रेसिडेन्सीत कॅन्सरच्या एका पेशंटला ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिलेला पाहिला होता, तेव्हापासून हा विषय मनात आहे. काय करू?"
– स., लातूर

प्रिय स.,

तुझ्या सरांचा प्रश्न चुकीचा नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. स्पायनल रोज देणाऱ्या बाईने आणखी काय शिकायचं?

तुझा हात बसलेला आहे, हे खरंच. आपल्या भूलशास्त्रातली मुलं पेन मेडिसिनकडे सहज वळतात ती त्यामुळेच. सुईचं टोक कुठल्या थरातून जातंय हे बोटांना कळणं, बीपी घसरलं तर न गडबडता सावरणं, लोकल अ‍ॅनेस्थेटिक रक्तात गेलं तर उतारा म्हणून लागणारी २० टक्के लिपिडची बाटली कुठल्या कप्प्यात आहे हे आधीच बघून ठेवणं, एवढं तुझ्या अंगवळणी पडलेलं असणार. कमी आहे ते दुसरंच काही. भूल द्यायला तू उभी राहतेस तेव्हा पेशंटचं निदान कुणीतरी केलेलं असतं, ऑपरेशन कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि रिकव्हरीत तो नीट जागा झाला की तुझं काम झालं. पेन क्लिनिकमध्ये माणूस येतो तो चार ठिकाणी फिरून, एमआरआयची पिशवी काखेत मारून, "मणक्यात गॅप आहे म्हणाले" एवढं एक वाक्य घेऊन. त्याचं दुखणं मणक्यांमधल्या गादीतून येतंय, मणक्यामागच्या बारक्या सांध्यांतून येतंय, कंबरेखालच्या एसआय जॉइंटमधून येतंय की खुब्यातून, की सहा महिने धड झोपच न झाल्यामुळे साध्या दुखण्याचं मोठं दुखणं झालंय, हे तुला ठरवायचं असतं. आणि तो पुन्हा येणार असतो, तुझ्याचकडे, बहुतेक वेळा वर्षानुवर्षं.

हे दोन दिवसांत येत नाही. वर्कशॉपला माझा विरोध नाही, मीही अशा वर्कशॉपांत शिकवते. सी-आर्म कसा तिरपा केला की मणक्याचा कुठला भाग कसा दिसतो, हे शवावर बघून घेतलेलं बरंच. पण शवाला दुखत नाही आणि त्याच्या रक्तवाहिनीतून रक्त वाहत नाही. आपल्या कामातले सगळे धोके या दोन गोष्टींशी बांधलेले आहेत.

एकच उदाहरण घे. पाय ठणकतोय, कंबरेतली एल-५ची नस दबलीय, तू ट्रान्सफोरामिनल एपिड्युरल (नस मणक्यातून बाहेर पडते त्या छिद्रातलं इंजेक्शन) द्यायला घेतलंस. तिरप्या चित्रात मणक्याचा कुत्र्यासारखा आकार, तो 'स्कॉटी डॉग', दिसतो, त्याच्या हनुवटीखाली सुई जाते, बाजूच्या चित्रात खोली तपासतेस. इथपर्यंत वर्कशॉपमध्ये शिकवलेलं असतं. मग अर्धा-एक मिली डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडायचा, आणि तो सोडताना स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. डाय नसेच्या कडेने बारीक रेघेसारखा पसरून तिथेच थांबला, तर जागा बरोबर. दिसला न दिसला तोच वाहून गेला, तर सुईचं टोक रक्तवाहिनीत आहे. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, रक्त न येताही टोक आत असू शकतं. ती रक्तवाहिनी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी असेल आणि तू मिथिलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोनसारखं कणांचं स्टेरॉइड सोडलंस, तर कण अडकतात, रज्जूचा तेवढा भाग मरतो, आणि चालत आलेला माणूस उठू शकत नाही. असे प्रकार दुर्मीळ आहेत, पण झालेले आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४च्या एप्रिलमध्ये एपिड्युरल स्टेरॉइडबद्दल इशारा दिला तो अशाच घटनांमुळे. मानेत तर हा धोका जास्त, म्हणून ट्रान्सफोरामिनलला डेक्सामेथासोन वापरायचं. डाय क्षणात वाहून जातो तो क्षण ओळखायला नजर बसावी लागते. शिकवणारा शेजारी उभा असताना, जिवंत माणसाच्या पाठीवर, पुन्हा पुन्हा तो क्षण बघूनच ती बसते.

म्हणून वर्षभराची फेलोशिप कर. मात्र कुठल्याही दारातून आत शिरू नकोस. तुझ्या पत्रात फेलोशिपचं शहर आहे, स्टायपेंड आहे. शिकवणारे कसे आहेत, याबद्दल एक ओळही नाही. माझ्या लेखी मुख्य प्रश्न तोच आहे.

थोडं मागे जाऊन सांगते. वेदनेवरच्या उपचारांच्या या शाखेचं मूळ ज्यांच्यापाशी सापडतं ते जॉन बोनिका तुझ्यामाझ्यासारखे भूलतज्ज्ञ होते. इटलीच्या एका छोट्या बेटावर १९१७ साली जन्म, लहानपणी अमेरिकेत आले, वैद्यकीय शिक्षणाचा खर्च कुस्त्या खेळून भागवला. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातल्या लष्करी रुग्णालयात भूल विभाग त्यांच्याकडे होता. जखमी सैनिकांना ते ब्लॉक देत. काहींना आराम पडे, काहींना अजिबात पडत नसे. हातापायाचा तुटलेला भाग दुखतोय म्हणणाऱ्या सैनिकाला कुठल्या नसेवर ब्लॉक द्यायचा? त्यांनी सर्जन, न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ यांना जेवणाच्या वेळी एकत्र बसवायला सुरुवात केली आणि एकेका पेशंटवर चर्चा होऊ लागली. पुढे १९५३ साली त्यांनी वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला, सिअ‍ॅटलला अनेक शाखांचे डॉक्टर मिळून चालवतील असं पेन क्लिनिक उभं केलं आणि १९७३ साली वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना सुरू करण्यात पुढाकार घेतला. कुस्त्यांतल्या दुखापतींनी ते स्वतः आयुष्यभर वेदनेत होते. ब्लॉक देण्यात तरबेज असलेल्या माणसाला नुसत्या ब्लॉकने भागत नाही हे सगळ्यात आधी कळलं, आणि त्यातून ही शाखा उभी राहिली. तू ज्यांच्याकडे शिकायला जाशील त्यांना हे कळलंय का, एवढंच तुला शोधून काढायचं आहे.

आता बीएमजे. तुझ्या यजमानांनी ते वाचलं आणि तुझ्यासमोर ठेवलं, हे बरं केलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, सोबत बसून पूर्ण वाच. २०२५च्या फेब्रुवारीत आलेली ती शिफारस जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या मणक्याच्या दुखण्याबद्दल आहे. एपिड्युरल, सांध्यातली इंजेक्शनं, रेडिओफ्रीक्वेन्सी (उष्णतेने नस निकामी करणं) यांचा खोट्या उपचाराच्या मानाने म्हणावा तसा फायदा दिसत नाही, म्हणून नेहमीच्या उपचारांत ती देऊ नयेत, असं ती ठामपणे म्हणते. कॅन्सर, जंतुसंसर्ग किंवा दाहक संधिवातातलं दुखणं तिच्या कक्षेबाहेर आहे. गादी सरकून महिन्याभरात पाय धरून बसलेला माणूसही तिच्या कक्षेबाहेर आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शनात अशा ताज्या, तीव्र सायटिकासाठी एपिड्युरलचा विचार करावा असं म्हटलंय, आणि नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये असंही त्याच मार्गदर्शनात आहे.

वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी बीएमजेवर पुष्कळ टीका केली. वेगवेगळ्या प्रकारच्या रुग्णांना आणि वेगवेगळ्या पद्धतींना एका टोपलीत घातलं, हा त्यातला आक्षेप मला पटतो. पण आपल्या बाजूचे लोक तेवढा आक्षेप सांगून थांबतात, ते मला पटत नाही. हा पुरावा काही अचानक आभाळातून पडलेला नाही. २००९ साली वर्टिब्रोप्लास्टीच्या दोन चाचण्या आल्या, पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरणं आणि भरल्याचं नाटक करणं यांत फरक दिसला नाही. २०१४ साली स्पायनल स्टेनोसिसच्या (मणक्यातली नसांची वाट अरुंद होण्याच्या) चारशे रुग्णांत एपिड्युरलमध्ये स्टेरॉइड घातलं काय नि नुसतं बधिर करणारं लिडोकेन दिलं काय, सहा आठवड्यांनी जवळपास सारखंच निघालं. २०१७ साली नेदरलँड्समधल्या चाचण्यांनी व्यायामाच्या जोडीला रेडिओफ्रीक्वेन्सी दिल्याने जुनाट कंबरदुखीत लक्षणीय फरक पडत नाही असं दाखवलं. त्या चाचण्यांत रुग्ण निवडण्याचे निकष ढिले होते, असं आपण म्हणतो. खरं असेल. मग आपल्या क्लिनिकमध्ये ते निकष कडक आहेत का? रेडिओफ्रीक्वेन्सीच्या आधी मीडियल ब्रँच ब्लॉक (मणक्यामागच्या सांध्यांच्या नसा बधिर करून बघणं) द्यायचा असतो, एकेका नसेला अर्ध्या मिलीपेक्षा जास्त औषध घालायचं नसतं, आणि त्यानंतरचे काही तास पेशंटने आपलं दुखणं कागदावर लिहायचं असतं. किती ठिकाणी तो कागद खरोखर भरून घेतला जातो? कुठल्या पेशंटला उपयोग होईल हे ओळखणं हेच सगळं कौशल्य असेल, तर ते कौशल्य शिकायला वर्ष कमीच आहे. यजमानांना हे असंच सांग.

आणि तुझ्या मनात बसलेल्या त्या कॅन्सरच्या पेशंटबद्दल. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा माणूस तू पाहिला असशील तर त्याची बसण्याची तऱ्हा आठवत असेल. पाठीवर झोपता येत नाही. पोटाशी उशी घट्ट धरून, पुढे वाकून, रात्ररात्र तसाच बसलेला. मॉर्फिन वाढवत न्यावं तर गुंगी आणि मलावरोध. असा माणूस ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आणायचा, पालथा झोपवता येत नसेल तर कुशीवर घ्यायचा, पहिल्या लंबर मणक्याच्या पुढे महाधमनीजवळ सुया न्यायच्या, डाय बघायचा, आणि मग अल्कोहोल अगदी सावकाश सोडायचं. बीपी घसरणार हे धरून चालायचं, सलाइन आधीच चालू ठेवायचं. एक-दोन दिवस जुलाब होतील हे घरच्यांना आधी सांगायचं, नाहीतर ते घाबरतात. असा एक गृहस्थ माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर तो उताणा झोपला होता आणि त्याच्या बायकोने बोट ओठावर ठेवून मला दारातच थांबवलं. या ब्लॉकने आयुष्य वाढत नाही. २००४च्या मोठ्या चाचणीत या सीलिअ‍ॅक ब्लॉकने दुखणं औषधांपेक्षा जास्त कमी झालं, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. दुखणं कमी होणं हेच त्या माणसाला हवं होतं. अपंगत्वाचा धोका इथेही अगदी थोडा का होईना असतोच, आणि तो त्याला मराठीत, त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही.

आता शिकवणारे कसे पारखायचे. बहुतेक मुलं फेलोशिप बघायला जातात ती थेट ओटीत शिरतात. आज किती केसेस आहेत, कुठलं मशीन आहे, सुई हातात मिळते का? तू आधी ओपीडीत बस. परवानगी माग, कोपऱ्यात खुर्ची घे आणि सकाळपासून शेवटचा पेशंट जाईपर्यंत बसून राहा.

पेशंट आत आला की सर किंवा मॅडम आधी त्याच्याकडे बघतात की एमआरआयकडे, हे बघ. त्याला चालायला सांगतात का, पाय उचलून बघतात का, टाचेवर आणि चवड्यावर उभं करतात का, खुबा फिरवून बघतात का. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन त्यात एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के जणांच्या गाद्यांत झीज दिसली. म्हणजे तो 'गॅप' दुखत नसणाऱ्यांतही असतो. चित्रावर उपचार करणारा शिक्षक तुला चित्रावरच उपचार करायला शिकवेल.

मग बघ, किती जणांना सुईशिवाय परत पाठवतात आणि ते कसं. 'तुम्हाला इंजेक्शनची गरज नाही' हे वाक्य बोलायला सोपं नाही. पेशंट उधार-उसनवार करून आलेला असतो, त्याला पी हळद आणि हो गोरी हवं असतं, आणि सुई न देता त्याला समाधानाने घरी पाठवायला वीस मिनिटं बोलावं लागतं. ती वीस मिनिटं जिथे दिली जातात ती जागा चांगली. 'तीन इंजेक्शनांचं पॅकेज' असा शब्द कानावर पडला, तर खुर्ची उचलून बाहेर ये. पहिल्याने काय झालं हे बघायच्या आत दुसरं आणि तिसरं ठरवून ठेवायला कसलाच आधार नाही. आपल्याकडच्या साठीच्या पुढच्या पेशंटला मधुमेह असण्याची शक्यता तर बरीच, प्रत्येक स्टेरॉइडबरोबर त्याची साखर काही दिवस चढते.

जुने पेशंट परत येतात तेव्हा काय विचारतात तेही ऐक. "कसं आहे?" एवढंच, की "शेतात जाता का, किती वेळ बसवतं, रात्री किती वेळा जाग येते?" कुठे लिहून ठेवतात का? सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी कुणी फोन करतं का? वर्षभरातल्या गुंतागुंतींची वही दाखवा, असं सरळ विचार. वही आहे आणि ती तुझ्यासमोर उघडतात, तर ते शिकवणारे आहेत. आमच्याकडे काही होतच नाही, असं म्हणाले तर तिथे शिकू नकोस.

फार्मसीत तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का, हे विचार. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ साली कायदा बदलला, मान्यता घेतलेल्या संस्थेला ते ठेवणं बरंच सोपं झालं. तरी ज्या वेदना विभागाने अजून ती मान्यता घेतलेली नाही, त्याला कॅन्सरच्या दुखण्यात फारसा रस नाही असं मी समजते. तसंच फिजिओथेरपिस्ट कुठे बसतात ते बघ. त्याच मजल्यावर बसत असतील आणि सर त्यांच्याशी पेशंटबद्दल बोलत असतील तर उत्तम. मानसोपचारतज्ज्ञही आठवड्यातून एकदा येत असतील, तर ती फेलोशिप कमी स्टायपेंडवरही घे.

एवढं झाल्यावर ओटीत जा. तिथे एकच बघ. सुई फेलोच्या हातात असताना शिकवणारे काय करतात? नुसता हात धरून नेतात, की "आता काय दिसतंय, डाय असा गेला तर काय करशील?" असं विचारत राहतात? आणि चित्र मनासारखं येत नसेल तर आज थांबू या, असं म्हणून सुई बाहेर काढतात का? सुई बाहेर काढायला शिकवणारे शिक्षक मी थोडेच पाहिले. त्यांचे विद्यार्थी पेशंट सांगतो तेव्हा नीट ऐकतात, हेही मी पाहिलं आहे. बोनिकांच्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांत माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा, असं स्पष्ट लिहिलं. ओपीडीत तो मान राखला जातो की नाही, हे तुला पहिल्या अर्ध्या तासात कळेल.

पुणं जमलं नाही तर पर्याय आहेत. लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये पेन मॅनेजमेंटचा पीडीसीसी हा एमडीनंतरचा कोर्स आहे, ऋषिकेशच्या एम्समध्ये डीएम ही पुढची पदवी आहे, मुंबईत टाटा मेमोरियलचं वेदनेचं काम जुनं आहे. एफआयपीपी या वेदना उपचारांच्या परीक्षेबद्दल तुला कुणीतरी सांगेलच. वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेन ही संस्था १९९३ साली स्थापन झाली, संस्थापकांत भारतीय वंशाचे प्रिथ्वी राज होते, आणि २००१पासून ती ही परीक्षा घेते. परीक्षा चांगली आहे, पण घाई नको. आधी काम शीक, नावापुढची अक्षरं मागाहून येतील.

रेडिएशनचं थोडक्यात. भीती रास्त आहे आणि आवाक्यातली आहे. एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आहे. गरोदरपण कळवल्यानंतर पुढच्या काळासाठी गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. लेड एप्रन, थायरॉइड कॉलर, छातीवर किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज, एक्स-रे ट्यूब टेबलाखाली, किरणांच्या झोतात हात कधीच नाही, आणि सतत पेडल दाबून न ठेवता एकेक चित्र घेणं, एवढं पाळणाऱ्या विभागात वर्षाचा डोस मर्यादेच्या बराच खाली राहतो. तीन महिन्यांचे बॅजचे रिपोर्ट भिंतीवर लावलेले असतात का, ते बघ. दिवस राहिले तर लगेच कळव, तेवढे महिने सोनोग्राफीवरचे ब्लॉक आणि ओपीडी कर. ते शिकायलाही पुष्कळ आहे. हे बोलणं अर्ज करतानाच करून घे. नाक मुरडलं गेलं तर तेही तुला वेळेवर कळेल.

पैशाचं आणि घराचं मी दुरून ठरवू शकत नाही. एवढंच सांगते, की शनिवार-रविवारी लातूरला येऊन ऑपरेशनच्या दोन लिस्ट केल्या तरी घर चालेल, असं गणित आत्ताच मांडू नकोस. तसं करणारी मुलं सोमवारी ओपीडीत डुलक्या घेतात. वर्षभराचा खर्च आधी बाजूला पडेपर्यंत सहा महिने जास्तीच्या केसेस घे आणि मग जा. मुलगी अडीचची तीनची होईल, बालवाडीत जाईल, पुण्यात आई किंवा सासूबाई येऊन राहू शकतील का हे त्यांना आजच विचार.

आता ऑर्थोचे सर. त्यांना दुखवू नकोस, ते तुझ्या बाजूचे आहेत आणि त्यांनी तुझ्यात काहीतरी पाहिलंय. त्यांना सांग, "सर, वर्षभर शिकून येते, आल्यावर पहिली ओपीडी तुमच्याकडेच." आणि तीन गोष्टी आत्ताच बोलून ठेव. इंजेक्शन द्यायचं की नाही हे तू पेशंट तपासून ठरवणार, चिठ्ठीवर लिहून आलं म्हणून देणार नाही. पाठवलेल्या पेशंटमागे टक्केवारी नाही. २००२च्या आचारसंहितेत ती निषिद्ध आहे, आणि पेन क्लिनिक सगळ्यात लवकर बिघडतं ते त्या टक्केवारीने, हे मी जवळून पाहिलंय. तिसरं, ओपीडीला वेगळी खोली आणि वेळ, ओटीच्या दोन केसेसच्या मधे उभ्याउभ्या तपासणी नाही. तोवर त्यांनी सी-आर्मची एईआरबीकडची कागदपत्रं पूर्ण करून घ्यावीत. पुढे सोनोग्राफी मशीन घ्यायचं झालं तर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीनची आणि तुझ्या नावाची नोंदणी लागेल, तिला वेळ लागतो. सर हे तिन्ही मान्य करतील तर तुला घरची जागा मिळाली. नाही केलं तर लातुरात दुसरेही सी-आर्म आहेत.

यजमानांसाठी एक निरोप. मधुमेहात पायाची आग होते, रात्री चादरीचा स्पर्श सोसत नाही, असे पेशंट त्यांच्याच ओपीडीत सगळ्यात जास्त असणार. त्यांना बहुतेक वेळा सुई लागत नाही. प्रेगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन, मूत्रपिंड बघून बेताने वाढवलेला डोस, पायांची निगा, झोप आणि भरपूर बोलणं लागतं. पुण्याहून आलीस की तुझे पहिले पेशंट त्यांच्याकडूनच येतील. त्यांना आत्तापासून अशा पेशंटची यादी ठेवायला सांग.